नाल्याचा सातबारा

माननीय मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस,
अध्यक्ष, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांस



माझे वडील पटवारी होते. हिंगणा तालुक्यातल्या हलक्यांमध्ये त्यांची बहुतेक नोकरी गेली. आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेला एका मौजाचा नकाशा आहे. कागद कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. खसऱ्यांचे आकडे काळ्या शाईत, पांदण तांबड्या रेघेत आणि नाले निळ्या. निळी रेघ वरच्या कोपऱ्यात केसासारखी बारीक सुरू होते, वावरांच्या धुऱ्याधुऱ्यानं येते, बोडीपाशी जाड होते आणि खाली वेणा नदीला मिळते. मी सहावी-सातवीत असताना त्यांना विचारलं होतं, की प्रत्येक तुकड्याला नंबर आहे, मग निळ्या रेघेला का नाही? ते म्हणाले, "नाल्याचा सातबारा कोनाच्या नावानं नसते. म्हनून मोजनीच्या वेळी त्याच्याकून बोलनारं कोनी उभं राहत नाही."

पुढं मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे वाक्य मात्र मी भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. आज आपल्याला लिहिताना मी त्या निळ्या रेघेच्या बाजूनं उभी आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘नवीन नागपूर’ला मंजुरी दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या मौजांतल्या सुमारे ६९२ हेक्टर जमिनीवर आंतरराष्ट्रीय व्यापार व वित्त केंद्र उभं राहणार आहे. त्याच बैठकीत शहराला वेढणारा सुमारे १४८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता आणि त्याला जोडून ट्रक-बसची चार टर्मिनलं मंजूर झाली. नागपूरला कामं हवी आहेत, मुलांना पुणे-हैदराबाद गाठावं लागू नये असं मलाही वाटतं. माझ्या वर्गातल्या किती मुली आज हिंजवडीत आहेत ते मी मोजू शकते. म्हणून हे पत्र विकासाच्या विरोधात नाही. रस्त्याची आखणी जमिनीवर पक्की होण्याआधी, खुंट्या ठोकल्या जाण्याआधी एक नकाशा काढून घ्या, हे मुख्यतः मागायला मी लिहिते आहे.

आधी ‘रिठी’ या शब्दाबद्दल. महसुली दप्तरात रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव. दुरून बघणाऱ्याला वाटतं, घरं नाहीत म्हणजे जागा रिकामी आहे. पण रिठी गावाचं शिवार कसलं जातं, पांदण चालू असते, नाले वाहतात, शेजारच्या गावचा माणूस रोज तिथं जातो. ज्यांची वावरं जाणार त्यांचं मोबदल्याचं दुखणं वेगळं आणि मोठं आहे, ते त्यांच्याच तोंडून आपण ऐकावं. मी फक्त पाण्याबद्दल बोलते.

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रयोग करायला लावायची. मैदानात ओल्या मातीचा नागपूर जिल्हा करायचा, पश्चिमेकडे उंच, पूर्वेकडे उतरता, आणि झारीनं पाणी सोडायचं. मुलांना नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. शहराच्या पश्चिमेला पडलेलं पाणी दोन वाटा धरतं. लाव्ह्याच्या टेकड्यांवरचं पाणी अंबाझरी तलावात येतं, नाग नदी होऊन पूर्वेला कन्हानला आणि पुढं वैनगंगेला जातं. हिंगण्याकडचं पाणी वेणेतून बुटीबोरीवरून हिंगणघाटाकडे आणि मग वर्धा नदीत. गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि प्राणहिता होतात. म्हणजे आपल्या प्राधिकरणाच्या हद्दीतून पाणलोटाची धार गेलेली आहे. ९ तालुके, ७१९ गावं, ३,५६७ चौरस किलोमीटर, हा प्रदेश आखला कार्यालयांनी. पाण्यानं तो त्याच्या कितीतरी आधी आखून ठेवला होता.

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधली रात्र आपल्याला आठवत असेल. आपण उपमुख्यमंत्री होता आणि नंतर त्या वस्त्यांमधून स्वतः फिरला होता. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. चार माणसं गेली. माझी धाकटी बहीण त्या भागात तळमजल्यावर राहते. सकाळी मी पोचले तेव्हा सिलेंडर बैठकीत आडवा पडला होता, पिठाच्या डब्यात गाळ होता आणि ती शिलाई मशीनचं चाक हातानं फिरवून बघत होती, फिरतं का म्हणून. भिंतीवर पाण्याची रेघ स्विचबोर्डाच्या वर होती. घराला पुढं दोनदा रंग दिला. प्रत्येक पावसाळ्यात रंगाखालून ती रेघ पुन्हा वर येते.

त्या रात्रीचा पाऊस असामान्य होता, हे मान्य. तलावाच्या सांडव्यापुढं काय बांधलं गेलं, नदीचं पात्र कुणी किती अडवलं, हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेला, त्यात मी शिरत नाही. मला आपलं लक्ष दुसरीकडे वळवायचं आहे. अंबाझरी तलाव महापालिकेच्या हद्दीत आहे, पण त्यात पाणी येतं ते वाडी आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं, म्हणजे बऱ्याच अंशी हद्दीबाहेरून. तिथं गेल्या तीस-चाळीस वर्षांत माळरानावर छपरं आणि सिमेंट चढलं. जे पाणी पूर्वी मातीत मुरून, गवतात अडून दोन दिवसांनी तलावात यायचं, ते आता तासाभरात येतं. वरच्या गावात ले-आउट पाडताना खालच्या गल्लीतल्या घराचा विचार कुणी करायचा, याचं उत्तर नगर परिषदेकडे नाही, महापालिकेकडेही नाही. ते फक्त आपल्या प्राधिकरणाकडे असू शकतं. प्रदेशाचं नियोजन म्हणतात ते याचसाठी ना?

शहरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. नाग आणि पिवळी नदी आपली घाण घेऊन कन्हानमध्ये जातात आणि कुही तालुक्यात अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत मिळते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तिथं लिहिला अशी आमच्या विदर्भाची श्रद्धा आहे. मराठीतला पहिला ग्रंथ जिथं झाला म्हणून आम्ही हात जोडतो, त्या संगमावर आणि खाली गोसीखुर्दच्या जलाशयात आमच्या शहराचं सांडपाणी पोचतं. भंडाऱ्याच्या लोकांनी याबद्दल वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. नाग नदीच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प जपानी कर्जाच्या मदतीनं मंजूर झाला, त्याचं काम लवकर दिसावं अशी आशा आहे.

चांगलंही सांगायला हवं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना नागपूरनं केली आणि नदीचं ताजं पाणी तेवढं वाचलं. एका गावाचं सांडपाणी दुसऱ्या गावाच्या कारखान्याला, म्हणजे प्रदेश म्हणून केलेला विचार. तो इथं झालेला आहे, म्हणून तो पुन्हा होऊ शकतो असं मी म्हणते. पण त्याच कोराडी केंद्राच्या खसाळ्याच्या राख तलावाची भिंत जुलै २०२२ मध्ये फुटली आणि राख कोलारमधून कन्हानपर्यंत गेली, शहराचा पाणीपुरवठा विस्कळित झाला. वीज एका गावात, राख दुसऱ्या गावात आणि नळ तिसऱ्याच गावात. या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट पाणीच आहे.

आणि नळाला येणारं पाणीही आपलं एकट्याचं नाही. पेंच नदी मध्य प्रदेशातून येते. छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झाल्यावर पेंचवरच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं. जुलै २०१९ मध्ये चोवीस तास पाण्याची स्वप्नं पाहणाऱ्या या शहरात एक दिवसाआड पाणी आलं, ते आपण मुख्यमंत्री असतानाच. त्या उन्हाळ्यात तोतलाडोहात मृतसाठ्याशिवाय पाणी उरलं नव्हतं. नवीन नागपूर, बुटीबोरीचा विस्तार, मिहानमधल्या नव्या कंपन्या, ७१९ गावांमधली वाढती घरं, या सगळ्यांचा हिशेब पेंचच्याच खात्यावर मांडला असेल तर तो जुळणार नाही. पेंचमधून शहराला जास्त पाणी दिलं की कालव्याखालच्या रामटेक-मौद्याच्या धानाला कमी मिळतं. ते वावरही याच प्रदेशात आहे.

आता माझं स्वतःचं सांगते. मी नव्वदीच्या दशकात शहराच्या दक्षिणेला प्लॉट घेतला. नागपूरकराला ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. परवानगीविना पडलेल्या ले-आउटचे ते आकडे, २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नियमित होण्याची वाट बघत थांबलेले. माझा प्लॉट त्यातलाच. विकणाऱ्यानं दाखवलेल्या नकाशात आमच्या मागं ‘ओपन स्पेस’ लिहिलं होतं. पहिल्या पावसाळ्यात कळलं, की ती मोकळी जागा म्हणजे नाला. नंतर त्यात दोन फुटांचा सिमेंट पाइप टाकून वर माती लोटली आणि तिथंही दोन प्लॉट पडले. सुरुवातीला आमच्या बोअरला १२० फुटांवर पाणी होतं. दोनदा खोल केलं, आता मे महिन्यात ३५० फुटांवरूनही फक्त हवा येते आणि गल्लीत टँकर येतो. पावसाळ्यात त्याच गल्लीत घोटाभर पाणी साचतं, गडर लाइन उलटी येते. एकाच गल्लीत उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, हे कसं होतं ते मुलांना शिकवायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

प्राधिकरणाची विकास योजना जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाली. तिचे रंगीत नकाशे मी पाहिले आहेत. आमच्याकडे लोक विचारतात ते एवढंच, जमीन यलो बेल्टमध्ये आली का? पिवळा रंग म्हणजे घरं, म्हणजे भाव. हिरव्यात राहिलेला माणूस खट्टू होतो आणि पुढच्या फेरबदलाची वाट बघतो. निळा रंग कुणीच विचारत नाही. मोठ्या नद्या आणि तलाव निळे दाखवलेले असतात, पण वडिलांच्या नकाशातली ती केसाएवढी रेघ कुठल्याही रंगीत नकाशात मला सापडत नाही. आणि पूर येतो तो त्याच बारीक रेघांमधून.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य मागणं असं आहे. बाह्यवळण रस्त्याची आखणी आणि नवीन नागपूरचा आराखडा पक्का होण्याआधी ७१९ गावांचे जुने गाव नकाशे एकावर एक ठेवून प्रदेशाचा एक जलनकाशा तयार करावा. प्रत्येक नाला, बोडी, मालगुजारी तलाव, पाण्याची पांदण आणि गवताळ माळ त्यावर यावा. आपल्या भागात ही माहिती शोधायला लांब जावं लागत नाही. विदर्भातल्या गावांची निस्तार पत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज आहेत. कुठलं पाणी कुणाच्या जनावरांचं, कुठल्या जमिनीवर गावाचा कोणता हक्क, हे त्यात बारकाईनं लिहिलेलं आहे. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेलं हे दप्तर दुसऱ्या कुठल्या महानगराकडे असेल तर मला ठाऊक नाही. त्या नकाशावर जो निळा आहे तो आधी राखावा, दोन्ही बाजूंनी अंतर सोडावं, मग उरलेल्या जागेतून रस्ता न्यावा. रस्ता वाकवता येतो. नाला वाकवला की तो कुणाच्या तरी बैठकीत येतो.

१४८ किलोमीटरचा रस्ता शेकडो नाले ओलांडणार. भरावावर बांधलेला रस्ता म्हणजे एक बांध, आणि प्रत्येक मोरी किती रुंद असावी हे ठरवताना आजचं शेत नको, वीस वर्षांनंतरचं सिमेंट धरावं. अभियंत्यांना हे माझ्याहून चांगलं कळतं. पण त्यांना तसा आदेश लागतो.

झुडपी जंगलाचंही इथंच सांगते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं, सुमारे ८६ हजार हेक्टरांचं झुडपी जंगल हे वनच मानलं जाईल असा निकाल दिला. कागदावर ते अनेकांना पडीक वाटतं, प्रकल्पांना अडसर वाटतं. पण बोरी-बाभळी आणि कुसळीच्या त्या मुरमाड पट्ट्यांतच पावसाचं पाणी जमिनीत उतरतं. २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश पाहिले आहेत. शहराबाहेरची ती खुरटी झाडी गेली, तर संध्याकाळचा वारा कुठून गार होऊन येणार?

शहर वाढायचंच, तर ते कुठल्या दिशेनं वाढावं याचं उत्तरही आपल्या हाताशी आहे. मेट्रोचा दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा आहे. त्याच्या वाटा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जातात. हाताच्या पंज्याची बोटं जशी. कोपनहेगन शहरानं १९४७ मध्ये असाच आराखडा केला. वस्ती रेल्वेच्या बोटांवर वाढवायची आणि दोन बोटांच्या मधली शेतं, झाडी, पाणी तसंच ठेवायचं. तिकडच्या लोकांना पंज्याचं चित्र आधी काढावं लागलं. आपल्याकडे रूळच तसे टाकले जाताहेत. पण बाह्यवळण रस्ता बोटांच्या टोकांना जोडतो, आणि त्यावर चार टर्मिनलं, भोवती गोदामं, भोवती ले-आउट असं झालं की बोटांमधली जागा भरून जाते. आपला पहिला रिंग रोड भरला, दुसरा भरत आला. तिसऱ्याच्या आतली शेतं आज राखली नाहीत तर पुढं राखायला ती उरणार नाहीत. रस्त्यालगत किती अंतरापर्यंत बांधकामाला परवानगी नाही, हे भूसंपादनाच्याच आदेशात लिहिलं जावं, अशी माझी विनंती आहे.

आपण २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केलंत. नाला खोलीकरणाबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद झाले, ते असोत, पण पाण्याचा विचार गावाच्या शिवारापासून सुरू व्हावा ही गोष्ट आपण राज्याला पुन्हा सांगितलीत. माझा प्रश्न सरळ आहे. ज्या गावात सरकारी पैशानं बांध घातले, शेततळं खोदलं, त्याच गावाचं शिवार उद्या यलो बेल्टमध्ये गेलं की तो बांध आणि ते शेततळं कुणाच्या ताब्यात जातं? बुलडोझर फिरवणाऱ्याला त्याची यादी कोण देतं? ती यादी जलनकाशावर चढावी.

आणि हे सगळं ठरवायला बसणार कोण? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी हा त्या समितीचा विषय म्हणून घटनेतच लिहिलेला आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर नागपूर महापालिकेत तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतं. आणि नेमक्या याच काळात प्रदेशाचे सर्वांत मोठे निर्णय झाले. प्राधिकरणाचा अधिकारी कितीही हुशार असो, कुहीच्या सरपंचाला वैनगंगेच्या पाण्याचा जो वास येतो तो त्याला बैठकीच्या खोलीत येणार नाही. ती समिती भरवावी, तिच्यापुढं हा जलनकाशा ठेवावा आणि तो मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. हरकती मागवताना लोक आपापला गट नंबर शोधतात. भिंतीवर नकाशा असेल तर ते आपला नालाही शोधतील.

आपण १९९२ मध्ये या शहराचे नगरसेवक झालात, १९९७ मध्ये महापौर. गडर लाइन कुठं तुंबते आणि कुठल्या वस्तीत पाणी पोचत नाही, हे कळलेल्या माणसाला मी लिहिते आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहायचं धाडस झालं. मुंबईच्या टेबलावर या पत्राचा सारांश पोचेल, पण मला वाटतं आपण ते पूर्ण वाचाल.

वडिलांचा नकाशा माझ्याकडेच आहे. घडीवर कापड इतकं विरलं आहे की उघडताना दोन माणसं लागतात. मागच्या आठवड्यात मी आणि बहिणीनं तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि भिंग घेऊन निळी रेघ वरपासून खाली मोजली. त्या एका मौजात १४ नाले आहेत. प्राधिकरणानं कुणाला तरी पाठवावं, ते उतरवून घ्यावेत. मी सकाळी दहानंतर घरीच असते.

आपली,
दक्षिण नागपुरातली एक निवृत्त शिक्षिका